भंगारातली गाडी आणि घरातला पुरावा

जुनी गाडी भंगारात दिली की आपला तिच्याशी संबंध संपतो. पण मैत्रिणींनो, ती सुटी करणाऱ्याच्या बायकोचा घोर तिथूनच सुरू होतो. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेवर गॅस कटरची ठिणगी पडली की स्फोट! म्हणून आधी इंधन-तेल काढायचं, बॅटरी सोडवायची, मगच कटर लावायचा. २०२१च्या धोरणानंतर सुरू झालेल्या नोंदणीकृत केंद्रांना हे बंधनकारक आहे; पण रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बघतंय कोण?

अपघात झाला की मालक थोडे पैसे हातावर ठेवतो, आपण गप्प बसतो. कायदा मात्र वेगळं सांगतो. १९२३च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. हिशेबाची रीत तीच आहे. कामावर मृत्यू झाला तर निम्मा मासिक पगार गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. पगार १० हजार आणि वय ३० असेल, तर सुमारे १० लाख ४० हजार रुपये! मालकानं विमा काढला नाही, म्हणून हे देणं चुकत नाही. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणूनही हात झटकता येत नाहीत. ईएसआय लागू असेल, तर उपचार आणि वारसांचं निवृत्तिवेतन तिथून मिळतं.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. नवरा तिथं कामाला होता, हेच सिद्ध होत नाही. तेव्हा पगाराची चिठ्ठी, हजेरीची नोंद, ईएसआय नंबर रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. आणि कोऱ्या कागदावर सही? मुळीच करू नका.