पॅरिस थांबेल, आधी देसाऊ

जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 2023-24 च्या हिवाळी सत्रात 49 हजारांच्या वर गेली. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक आता पहिला आहे. चीन मागे पडला. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेलेली मुले त्यात पुष्कळ आहेत. या मुलांनी शनिवार-रविवारी काय करावे, याबद्दल त्यांच्या घरी साधारण दोन मते ऐकू येतात. एक, शिकायला पाठवले आहे, फिरायला नाही. दुसरे, एवढा युरोपात गेलाच आहेस तर सगळे बघून घे. मते परस्परविरोधी असली तरी दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: युरोपात फिरणे म्हणजे पॅरिस, रोम, अ‍ॅमस्टरडॅम. म्हणजेच विमान, मुक्काम, सुट्टी आणि पैसा. आपल्याकडच्या पंधरा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या सहलींनी ही समजूत पक्की केली आहे. विद्यार्थ्याचे गणित मात्र निराळे असते. त्याला खरोखर परवडणारी सहल रविवारी सकाळी निघून रात्री खोलीवर परतण्याची, दोन-तीन तासांवरच्या गावाची असते. तिचे बरेचसे पैसे त्याने आधीच भरलेले असतात. आणि मला वाटते, ज्या देशात तो शिकतो आहे तो देश कळण्यासाठीही ती राजधान्यांच्या धावपळीपेक्षा उजवी ठरते.

आधी भरलेल्या पैशांचा मुद्दा नीट पाहू. 2022 च्या उन्हाळ्यात महागाईवर उतारा म्हणून जर्मन सरकारने तीन महिने नऊ युरोंचे मासिक तिकीट काढले. लोक त्यावर अक्षरशः तुटून पडले. त्याच अनुभवातून 1 मे 2023 पासून ‘डॉइचलांड तिकीट’ आले: महिना 49 युरो, आणि देशभरातल्या सगळ्या लोकल, ट्राम, मेट्रो, शहर बस व रिजनल गाड्या मोकळ्या. पुढे त्याचा दर 2025 मध्ये 58 आणि 2026 मध्ये 63 युरो झाला. विद्यार्थ्यांसाठी 2024 च्या उन्हाळी सत्रापासून त्याचीच सवलतीची आवृत्ती निघाली, मूळ दराच्या 60 टक्क्यांत. सुरुवातीला ती महिना 29.40 युरोंना पडत होती. सगळी विद्यापीठे या योजनेत नाहीत. जी आहेत तिथे ही रक्कम सहसा सत्राच्या शुल्कातच कापली जाते, मग विद्यार्थी गाडीत बसो वा न बसो. म्हणजे हॅम्बुर्गच्या मुलीला ल्युबेकला जायला एक सेंटही नव्याने मोजावा लागत नाही. अट एकच, वेगवान आयसीई आणि आयसी गाड्यांत हे तिकीट चालत नाही. पण कसारा किंवा कर्जत लोकल पकडून राजमाची-हरिश्चंद्रगडाला गेलेल्या आणि परतीच्या शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून गड उतरलेल्या मराठी मुलांना ही पद्धत शिकवावी लागत नाही.

आता याच्यासमोर वीस युरोंत युरोपच्या दुसऱ्या टोकाला नेणारे विमान ठेवून पाहा. तिकीट स्वस्त असते, यात खोटे काही नाही. 1997 मध्ये युरोपीय संघातले हवाई क्षेत्र पूर्ण खुले झाल्यापासून या कंपन्यांनी लाखो सामान्य लोकांना आकाशात नेले. पण त्यांचा स्वस्तपणा विमानाच्या दाराशी संपतो. फ्रँकफुर्टच्या नावाने विकले गेलेले हान विमानतळ शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, म्युनिकच्या नावाने ओळखले जाणारे मेमिंगन शंभरापेक्षा जास्त आणि पॅरिसच्या नावाचे बोव्हे सुमारे 80. दोन्ही टोकांच्या बसभाड्याची बेरीज अनेकदा विमानाच्या तिकिटाला गाठते. पाठीवरच्या छोट्या सॅकपेक्षा जास्त काही नेले की त्याचे वेगळे पैसे. पहाटे सहाचे विमान असेल तर आदली रात्र विमानतळाच्या बाकावर. शुक्रवार-शनिवारी डॉर्मिटरीतल्या खाटांचेही दर चढतात, कारण सगळ्या युरोपातली तरुण मुले त्याच दोन रात्री बाहेर पडतात. आणि एवढे करून हाती काय लागते, तर शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ. तेवढ्यात रांगेत उभे राहून एखादी प्रसिद्ध वास्तू पाहायची, तिच्यासमोर फोटो काढायचा आणि पुन्हा बस गाठायची.

या हिशेबात सगळ्यात मोठी रक्कम मात्र बहुतेक जण धरतच नाहीत. ती आहे शनिवारच्या शिफ्टची. जर्मनीत शिकायला जाताना एका वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. म्युनिकसारख्या शहरात खोलीचे भाडेच त्यातला मोठा घास घेते. म्हणून बहुतेक मुले काम करतात. 2024 च्या मार्चपासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आठ तासांची एक शिफ्ट सोडली की 111 युरो गेले. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला असताना हे अकरा हजार रुपये होतात. वीस युरोंच्या तिकिटावर बार्सिलोनाला निघालेल्या मुलाने आपण स्वस्तात चाललो आहोत असे मानायला हरकत नाही, फक्त हे अकरा हजार त्यात मिळवावेत.

रविवारची गोष्ट वेगळी. जर्मनीत रविवारी दुकाने आणि सुपरमार्केट जवळजवळ सगळी बंद असतात. रविवारच्या विसाव्याला तिथे थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. 1919 च्या वायमार राज्यघटनेतले कलम आजच्या घटनेने जसेच्या तसे ठेवून घेतले. नव्याने गेलेल्या मुलांना या दिवसाचा आधी वैताग येतो. दूध संपले तरी मिळत नाही, बाजारपेठेत शुकशुकाट, आणि गोतावळ्यात वाढलेल्या मुलाला खोलीतल्या चार भिंती खायला उठतात. पण त्याच दिवशी रिजनल गाड्या धावत असतात, संग्रहालये उघडी असतात. म्युनिकच्या पिनाकोथेक या सरकारी चित्रसंग्रहालयात तर रविवारी एका युरोत ड्यूरर आणि रुबेन्स यांची चित्रे पाहता येतात. डबा सोबत, मुक्काम नाही, दुकानातली शिफ्ट बुडत नाही. सहलीसाठी दिवस निवडायचा तर हाच.

जायचे कुठे, याची यादी देण्याचा हा लेख नाही. तरी दोन-तीन ठिकाणी थोडे रेंगाळायला हवे. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून गेलेल्या मुलामुलींपैकी किती जणांना ठाऊक असते, की ज्याचे नाव त्या इमारतीला आहे तो 1823 मध्ये देसाऊ या गावात जन्मला? सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा आणि स्वतः भारतात कधीही न आलेला हा माणूस. लाइपझिगहून देसाऊ रिजनल गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. त्याच गावात वाल्टर ग्रोपिउसने 1926 मध्ये उभारलेली बाउहाउस या कलाशाळेची इमारत आहे. काच, लोखंड आणि काँक्रीटची आधुनिक वास्तुकला जगभर जिथून पसरली त्यातले हे एक मुख्य ठिकाण. वायमारला गटे आणि शिलर या कवींची घरे पाहावीत आणि त्याच दुपारी स्टेशनवरून शहर बसने बुखेनवाल्डला जावे. गटेच्या गावापासून आठ-दहा किलोमीटरवर नाझींनी 1937 मध्ये छळछावणी उघडली आणि 1945 पर्यंत तिथे सुमारे 56 हजार माणसे मेली. स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. कवितेचे गाव आणि छळछावणी एकाच टेकडीच्या दोन अंगांना असू शकतात, हे जर्मन माणूस आयुष्यभर मनात वागवतो. त्याच्या वर्गात, त्याच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्याने ते एकदा प्रत्यक्ष पाहिलेले असावे. आणि ज्या शब्दासाठी भारतीय पर्यटक 90 युरो भरून व्हिसाच्या रांगेत उभा राहतो ते शेंगेन हे मोझेल नदीकाठचे लक्झेंबर्गमधले एक खेडे आहे. जर्मनीतल्या पेर्ल स्टेशनावर उतरून पूल चालत ओलांडला की आपण तिथे पोचतो. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या बोटीवर पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला, त्याची व्याप्ती आज 29 देशांपर्यंत गेली आहे. पुढे लक्झेंबर्ग शहर गाठायचे तर त्या देशात 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच फुकट आहे. यातले एकही ठिकाण पंधरा दिवसांच्या सहलींत सहसा नसते. ते स्वाभाविकही आहे. त्या सहली पाहुण्यांसाठी असतात, आणि विद्यार्थी त्या देशाचा रहिवासी असतो.

या रहिवासी असण्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात सगळ्यांचे अर्ज बर्लिन आणि म्युनिककडे धावतात. जर्मन उद्योग मात्र बऱ्याच अंशी लहान गावांत वसलेला आहे. आदिदास, पुमा आणि शेफलर या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये हेर्त्सोगेनाउराख या एकाच छोट्या गावात आहेत; सॅप वालडॉर्फमध्ये, बेअरिंगचा धंदा श्वाइनफुर्टमध्ये, काचेचा आणि भिंगांचा येनात, आणि चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनचे घर वोल्फ्सबुर्गमध्ये. अशा गावांत रविवारी चार तास फिरलेल्या मुलाला मुलाखतीत ‘आमच्या गावी राहायला जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर रचावे लागत नाही.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि पहिला सगळ्यात वजनदार: अभ्यासाचे काय? जर्मन विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा देण्याच्या संधी बहुधा तीनच असतात. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला बऱ्याचदा तीच शाखा त्या देशात दुसरीकडेही घेता येत नाही. घरावर शैक्षणिक कर्ज असताना ही टांगती तलवार हसण्यावारी नेता येणार नाही. परीक्षेच्या आधीचे आठवडे रविवारसुद्धा पुस्तकांचेच असायला हवेत, हे मान्य. पण हा आक्षेप नेमका लांबच्या सहलींना लागू पडतो. शुक्रवारी दुपारचे व्याख्यान बुडवून निघायचे आणि सोमवारी झोपाळलेल्या डोळ्यांनी प्रयोगशाळेत जायचे, त्यातून नुकसान होते. रविवारी नऊला निघून आठला परतणाऱ्याचा शनिवार शाबूत असतो आणि रिजनल गाडीत बसून वाचायला चांगले तीन-चार तास मिळतात. शिवाय पहिल्या हिवाळ्यात, साडेचारला अंधार पडत असताना, महिनोन्‌महिने खोली आणि ग्रंथालय एवढ्यातच राहिलेल्या मुलाच्या अभ्यासाला त्याचा लाभ होतो, हे गृहीतकच मुळात तपासून घेण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला जास्त समजतो. पॅरिस काय रोज होणार आहे? कर्ज फेडायला लागल्यावर, लग्न-संसार सुरू झाल्यावर कोण जाणार? पॅरिस जरूर पाहावे, पण त्यासाठी दोन सत्रांमधली व्याख्यानाविनाची मोठी सुट्टी आहे. तेव्हा पाच-सहा दिवस सलग काढता येतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांचे भाडे कमी पडते. युरोपात राहणाऱ्या 26 वर्षांखालील तरुणांना लुव्र संग्रहालय मोफत आहे, मग पासपोर्ट कुठलाही असो. रेसिडन्स परमिट पुरतो. त्याच संग्रहालयात 2026 पासून युरोपाबाहेरून आलेल्या पर्यटकाला 32 युरो पडतात. सवलत वयाशी बांधलेली असल्याने सव्विसावा वाढदिवस कधी आहे हे पाहून पॅरिसची वेळ ठरवणे शहाणपणाचे. व्हेनिसने 2024 पासून ठराविक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर शुल्क लावले, अ‍ॅमस्टरडॅमने मुक्कामावरचा कर साडेबारा टक्क्यांवर नेला. शनिवार-रविवारच्या गर्दीला ही शहरे विटली आहेत, तेव्हा त्यात आपली भर नेमकी त्याच दिवशी कशाला?

तिसरी कुरकुर गाड्यांची: रिजनल गाड्या रेंगाळतात, जर्मन रेल्वेचा वक्तशीरपणा आता कथेपुरता उरला आहे. दुसरा भाग खरा आहे. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर धावल्या. गंमत अशी की वेळ पाळण्यात रिजनल गाड्या त्यांच्या खूप पुढे आहेत, नव्वद टक्क्यांच्या आसपास. तरीही दोनापेक्षा जास्त गाड्या बदलाव्या लागतील असे गाव टाळावे आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजावी. सीमेपलीकडे जाताना पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिट मूळ प्रतीतच जवळ हवेत, कारण सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि मोबाइलमधला फोटो पोलिसांना चालत नाही.

पालकांना एवढीच विनंती. रविवारी मुलीला फोन लावलात आणि ती म्हणाली, ‘आई, मी गाडीत आहे, देसाऊला चाललेय,’ तर किती खर्च झाला हे विचारू नका आणि पॅरिसला कधी जाणार हेही विचारू नका. तिथे काय पाहिलेस, ते संध्याकाळी परतल्यावर विचारा.