डेटा कंपनीतलं साचेखातं

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पूर्वी संध्याकाळी जागा मिळत नसे. एमपीएससीची पुस्तकं, पेपरची कात्रणं, नोट्स. आता तिथली निम्मी पोरं वेगळ्याच वेळेला येतात, कारण ती कामाला लागली आहेत. कुणी पुण्यात, कुणी इथेच कोल्हापुरात, कुणी घरी बसून लॅपटॉपवर. काम विचारलं तर सांगतात, "डेटा कंपनीत आहे." आई-बापांना वाटतं पोरगं आयटीत गेलं. कार्यकर्त्यांना वाटतं पोरगं भांडवलशाहीच्या जात्यात सापडलं. दोघांनीही त्या पोराला काही विचारलेलं नसतं.

मागच्या वर्षी एका बैठकीत आमच्यातल्याच एकाने या कामाला 'डिजिटल वेठबिगारी' म्हटलं. मागे बसलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही शिरोलीच्या फौंड्रीत एक उन्हाळा काढा, मग मला वेठबिगारी शिकवा." बैठक गप्प झाली. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की आधी या पोरा-पोरींना काय आवडतं ते ऐकायचं. काय आवडत नाही ते नंतर. हा लेख त्या ऐकण्यातून आला आहे.

काम नेमकं काय असतं? रस्त्याच्या फोटोतल्या प्रत्येक गाडीभोवती, माणसाभोवती, खांबाभोवती चौकट काढायची. ध्वनिफीत ऐकून शब्दन् शब्द टाईप करायचा. दोन उत्तरांतलं बरं कुठलं ते ठरवायचं. यंत्र आपोआप शिकत नाही, त्याला हजारो माणसं बसून शिकवतात. ज्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्या तळाशी ही माणसं आहेत. मात्र कंपनीच्या जाहिरातीत ती कुठेच दिसत नाहीत.

आता आवडीचं. पहिलं, खुर्ची. हसू नका. ज्याचा बाप साखर कारखान्याच्या हंगामात राबला आणि भाऊ मोल्डिंगच्या वाळूत उभा राहिला, त्या घरात बसून करायच्या कामाचा पहिला पगार आला ही लहान गोष्ट नाही. दुसरं, पगार बँकेत येतो. त्यासाठी मुकादमाच्या दारात उभं राहावं लागत नाही. तिसरं मुलींनी सांगितलं: घरून काम असेल तर लग्नाची घाई थोडी लांबते, कारण महिन्याला पैसे येतात आणि पोरगी डोळ्यांसमोरही असते. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही, पण तो कामाला येतो हे खरं.

आणि चौथं, ज्याने आम्ही हललो. एक मुलगी म्हणाली, "माझी पहिली टीम लीडर हैदराबादची होती. मी कांबळे म्हणून नाव सांगितलं. ती 'ओके' म्हणाली आणि कामाला लागली. पुढे काहीच विचारलं नाही." कोल्हापूर जिल्ह्यात कांबळे म्हटल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही आणि तरीही विचारतात: कुठलं गाव, गावात घर कुठे. खोली भाड्याने बघताना, दुकानात, लग्नाच्या मांडवात. त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा आपलं आडनाव फक्त आडनाव वाटलं. चळवळीतल्या माणसाने हे ऐकल्यावर कंपनीला शिव्या घालायच्या आधी दोन मिनिटं गप्प बसावं.

याच शहरात गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल टाकलं होतं आणि तिथे गिऱ्हाईक येईना म्हणून शाहू महाराज स्वतः जाऊन चहा पीत. कांबळेच्या हातचा चहा पिण्यासाठी छत्रपतींना पुढे व्हावं लागलं होतं. आज ऑफिसच्या यंत्रातला चहा सगळे एकाच नळीतून घेतात. पुढे त्याच मुलीची बदली कोल्हापूरच्या टीममध्ये झाली. नवा टीम लीडर इथलाच. पहिल्याच चहाला त्याने विचारलं, "कांबळे म्हणजे कुठले?" थोडक्यात, जात अंतरावर अवलंबून होती. हैदराबादला ती दिसत नव्हती एवढंच.

न आवडणाऱ्या गोष्टींत आम्हाला वाटलं होतं कामाचे तास पहिले येतील. आलं 'रिजेक्ट'. दिवसभर केलेल्या कामातला एक भाग तपासणीत नाकारला जातो. नाकारणारा दिसत नाही, कारण सांगत नाही, आणि नगावर पैसे असतील तर तेवढी मजुरी गेली. एका मुलीला मराठी ध्वनिफिती टाईप करायचं काम होतं. त्यात एक बाई बोलत होती, "मी बाजारात गेलो, भाजी आणलो." कोल्हापूरची बाई असंच बोलते, आमच्या आया-आज्या असंच बोलतात. तिने ऐकलं तसं लिहिलं. तपासणाऱ्याने शेरा मारला: लिंग चुकलं, 'गेले' करा. तिने कळवलं की बाई 'गेलो'च म्हणाली आहे. नग नाकारला गेला. पुढच्या वेळी तिने निमूट 'गेले' लिहिलं. यंत्राने त्या दिवशी शिकलं की मराठी बाई 'गेलो' म्हणत नाही.

ही नुसती भाषेची गंमत नाही. कुणाची मराठी बरोबर, हा प्रश्न आपल्याकडे कायम जातीचा प्रश्न राहिला आहे. शाळेत 'न' आणि 'ण'वरून ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना हे समजावून सांगायला नको. 2020 साली मराठी आवाज गोळा करण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गावातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांतल्या 36 जणांकडून 109 तासांचं ध्वनिमुद्रण घेतलं. निष्कर्ष असा की गरिबांनी दिलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. म्हणजे गुणवत्तेचा दाखला तिथे छापून आलेला आहे. पगार ठरवताना मात्र तो कुणी काढत नाही.

पगाराचं बोलू. केनियातल्या नैरोबीत चॅटजीपीटीसाठी घाणेरडा, हिंसक मजकूर वाचून वेगळा काढणाऱ्या कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी मिळत होतं, हे जानेवारी 2023 मध्ये 'टाइम' नियतकालिकाने उघड केलं. आपल्याकडे बंगळूरची 'कार्या' ही संस्था वेगळी वाट धरते. पुण्याच्या खराडीतल्या वस्तीतल्या बायकांनी तिच्यासाठी मोबाईलवर मराठी वाचून रेकॉर्ड केलं. तासाला किमान 5 डॉलर, आणि डेटा पुन्हा विकला गेला तर त्यातही वाटा, असं तिचं धोरण. हे चांगलं आहे, आणि इतर कंपन्यांच्या तोंडावर फेकायला आपल्याला उपयोगी आहे. पण याच संस्थेने 2023 मध्ये एका माणसाच्या कमाईला सुमारे 1,500 डॉलरची मर्यादा ठेवली होती, म्हणजे नंतर दुसऱ्याला संधी. हेतू वाईट नाही. तरी विचार करा: सर्वांत भली कंपनीसुद्धा आपल्या माणसाला जोडधंदा देते, नोकरी देत नाही.

आमच्या मते मात्र खरी गाठ पगारातही नाही. ती वर जाण्याच्या दारात आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण साचेखात्यात नव्हते. विणकामात धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून स्पृश्य कामगार त्यांना तिथे घेऊ देत नसत. आणि चांगली मजुरी नेमकी साचेखात्यात होती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी गँगमनचं उदाहरण घेतलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही राबावं लागतं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत हे त्यांनी याच परिषदेत सांगितलं. बरेच कार्यकर्ते ते वाक्य फलकावर लिहितात आणि गँगमन विसरतात.

आता आमच्या पोरांना विचारा: चौकटी काढणारा चार वर्षांनी काय करतो? चौकटीच काढतो. फार तर तपासणीत जातो. मॉडेल बनवणारे, ग्राहकाशी बोलणारे, दर ठरवणारे दुसऱ्या मजल्यावर. तिथे जायला इंजिनिअरिंग लागतं, इंग्रजी लागतं आणि मुख्य म्हणजे ओळख लागते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. ज्या शहरातून 26 जुलै 1902 रोजी 50 टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला, त्या शहरातली पोरं 'कल्चर फिट' नाही म्हणून परत येतात. "गुणवत्ता असेल तर कोण अडवतं?" असं विचारणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा 2007 चा अभ्यास वाचावा. शिक्षण सारखं, अर्ज सारखा, फक्त नाव वेगळं. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. हैदराबादची ती टीम लीडर 'ओके' म्हणाली ते खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर आडनाव पुन्हा वाचलं जातं.

तासांचा मुद्दाही सोडता येत नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारा कायदा पुढे नेला, तो 1946 मध्ये झाला. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 9 वरून 12 तास आणि मोठ्या दुकाना-आस्थापनांतला 9 वरून 10 तास करायला मंजुरी दिली. आपल्या किती ग्रुपवर यावर चर्चा झाली? पुतळ्यावर चिखल उडाला तर अर्ध्या तासात बिंदू चौक भरतो, आणि भरलाच पाहिजे. बाबासाहेबांनी कमावलेले तास जाताना मात्र आम्ही स्टेटस बदलत होतो. यात आम्हीही आलो.

नैरोबीत मे 2023 मध्ये दीडशेहून जास्त डेटा कामगारांनी एकत्र येऊन युनियन करायचं ठरवलं. आपल्याकडे लगेच तसं होईल असं आम्हाला वाटत नाही. घरी बसून काम करणाऱ्यांना शेजारच्या गल्लीत आपलाच सहकारी राहतो हेसुद्धा माहीत नसतं. म्हणून आम्ही कागदापासून सुरुवात केली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, पण प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं त्यांत बंधनकारक आहे, आणि ठराविक मुदतीच्या कामगारालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आमच्याकडे आलेल्या बहुतेकांकडे पत्र नाही, एक ईमेल आहे. काहींना तर आपला पीएफ कापला जातो की नाही तेही ठाऊक नाही.

रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेतच बसतो. येताना तीन गोष्टी आणायला सांगतो: तो ईमेल, सहा महिन्यांचा बँकेचा उतारा आणि रिजेक्ट झालेल्या कामाचे स्क्रीनशॉट. 'गेलो'वाली मुलगी तिचे सगळे जपून ठेवते. गेल्या आठवड्यात तिने आणखी एक दाखवला. या वेळी बाई म्हणाली होती, "मी सांगितलो." तिने 'सांगितलो' लिहिलं, खाली शेऱ्याच्या जागी 'ही कोल्हापूरची मराठी आहे' असं टाकलं आणि पाठवून दिलं. उत्तर अजून आलेलं नाही.