दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा शेतकरी

अमेरिका आणि चीन यांच्यात २०१८ साली व्यापारसंघर्ष पेटला, तेव्हा आपल्याकडील अर्थपंडितांना एक जुनी म्हण आठवली. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ! चिनी माल अमेरिकेत महागला की भारतीय माल खपेल, चीनमधून बाहेर पडणारे कारखाने आपल्या दारी येतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हण खोटी नाही, पण अपुरी आहे. तिसरा म्हणजे नेमका कोण, हे ती सांगत नाही. तिसऱ्या देशाचा निर्यातदार, तिथला गिरणीमालक, की तिथला शेतकरी? सोयाबीन या एकाच पिकाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास तपासला तरी या प्रश्नाचे उत्तर पुरेसे स्पष्ट होते.

१९७२ साली पेरूच्या किनाऱ्यावरील मासेमारी कोसळली. पशुखाद्यात वापरला जाणारा मासळीचा भुगा दुर्मीळ झाला आणि त्याची जागा घेणाऱ्या सोयापेंडीचे भाव भडकले. देशातील मांसाच्या वाढत्या किमतींनी धास्तावलेल्या निक्सन सरकारने २७ जून १९७३ रोजी सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ती काही दिवसांतच शिथिल झाली. परंतु आपले बहुतांश सोयाबीन अमेरिकेकडून घेणाऱ्या जपानने योग्य तो धडा घेतला. अमेरिकेची मैत्रीदेखील ताटातील घास हमखास पोचवू शकत नाही, हे त्याला कळून चुकले. १९७९ पासून जपानच्या पैशाने आणि तांत्रिक साहाय्याने ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण पठारी प्रदेशात सोयाबीनची शेती पसरू लागली. अमेरिकेचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी घडवण्यात अमेरिकेच्याच एका निर्णयाचा असा वाटा आहे.

त्यानंतर सातच वर्षांनी या प्रयोगाची दुसरी आवृत्ती निघाली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर ४ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. मॉस्को शरण येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथील तूट भरून काढण्यास अर्जेंटिना धावून आला. त्या वेळी अर्जेंटिनात कम्युनिस्टांचा निर्दय छळ करणारी लष्करी राजवट होती, हे विशेष! घरात कम्युनिस्टांना गोळ्या घालणाऱ्या सेनानींना मॉस्कोशी धान्याचा दीर्घ मुदतीचा करार करताना कोणताही तात्त्विक संकोच वाटला नाही. निर्यातदार कंपन्यांचे अडकलेले करार अमेरिकी सरकारने आपल्या अंगावर घेतले. एप्रिल १९८१ मध्ये रेगन यांनी ही बंदी उठवली, पण सोव्हिएत बाजारातील अमेरिकी शेतकऱ्याचे जुने स्थान तोवर दुसऱ्यांनी व्यापले होते.

२०१८ चा संघर्ष या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. अमेरिकेने चिनी मालावर जकात बसवताच, ६ जुलै २०१८ रोजी चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जकात लादली. २०१७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर असलेली अमेरिकेची चीनकडील सोयाबीन निर्यात २०१८ मध्ये ३ अब्जांच्या आसपास आली. आयोवा आणि इलिनॉयच्या कोठारांत धान्य साचले. सरकारने शेतकऱ्यांसाठी प्रथम १२ अब्ज आणि २०१९ मध्ये आणखी १६ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. पण हे साहाय्य आरंभी उत्पादनाच्या आणि नंतर लागवडीच्या प्रमाणात होते. ज्याची जमीन मोठी त्याला रक्कम मोठी, असा हा न्याय! त्याच २०१९ मध्ये तेथील शेतकऱ्यांचे दिवाळखोरीचे अर्ज सुमारे २० टक्क्यांनी वाढले. लढाई पुकारली राष्ट्राध्यक्षांनी, किंमत मोजली लहान शेतकऱ्याने आणि भरपाईचा मोठा वाटा गेला बड्या जमीनदाराकडे.

जानेवारी २०२० मधील पहिल्या तहात चीनने दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी करण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. २०२५ मध्ये भांडण पुन्हा भडकले आणि एप्रिलमध्ये परस्परांवरील जकाती शंभर टक्क्यांच्या पलीकडे गेल्या. चीनने अमेरिकी सोयाबीनची खरेदी कित्येक महिने थांबवली आणि दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर बंधने आणली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटले. वर्षाअखेरीपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढील तीन वर्षे दरवर्षी अडीच कोटी टन अमेरिकी सोयाबीन चीनने घ्यावे, असे ठरल्याचे अमेरिकेने जाहीर केले. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. बाजार मुक्त असावा, भाव मागणीपुरवठ्याने ठरावेत, सरकारने खरेदीविक्रीत पडू नये, असे प्रवचन विकसनशील देशांना चार दशके ऐकवले गेले. आणि तेच प्रवचनकार स्वतःवर वेळ येताच किती टन माल कोणी कोणाकडून घ्यावा, हे दोन नेत्यांच्या बैठकीत ठरवतात. म्हणजे नियोजन चालते. फक्त ते बलवानांनी बलवानांसाठी केलेले असावे लागते.

या सर्व उलथापालथीत लाभ कोणाचा झाला? ब्राझीलचा, असे उत्तर दिले जाते. चीनच्या सोयाबीन आयातीतील सुमारे ७० टक्के वाटा २०२४ मध्ये ब्राझीलचा होता, हे खरेच आहे. परंतु सेराडोतील हजारो एकरांचे मळे भूमिहीन शेतमजुराच्या मालकीचे नाहीत. त्या विस्तारात मूळ रहिवाशांची भूमी गेली आणि वनसंपदा गेली. शिवाय कारगिल, बुंगे, लुई ड्रेफस यांसारख्या बड्या धान्यकंपन्यांची गोदामे अमेरिकेतही आहेत आणि ब्राझीलमध्येही. अमेरिकेचा माल अडला की त्या ब्राझीलचा माल उचलतात. देश बदलतो, जहाज बदलते. दलाल मात्र तोच राहतो.

आता आपल्या देशाकडे वळू. ब्राझील आणि अर्जेंटिनातील हा विस्तार लातूर आणि अकोल्याच्या बाजार समित्यांपासून दूर नाही, कारण तेथील सोयातेल आपल्या स्वयंपाकघरात पोचते. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीने भागवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क बसवले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण मराठवाडा-विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांना त्याहून कितीतरी कमी भावात माल विकावा लागला. अशा शेतकऱ्याला जागतिक व्यापारसंघर्षाचा लाभ कोठे शोधावा, हे कोणत्याही अर्थपंडिताने सांगितलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर तिसराच भांडणात ओढला गेला. रशियाचे तेल घेतल्याचा ठपका ठेवून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि २७ ऑगस्टपासून एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. रशियाच्या खनिज तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन; त्याच्यावर या कारणासाठी असे शुल्क लागले नाही. ज्याच्या हाती उलटून मारण्याचे साधन आहे त्याच्याशी वाटाघाट आणि ज्याच्या हाती नाही त्याला दंड, हेच या अर्थनीतीचे खरे व्याकरण आहे. चीनने पाठ फिरवल्यावर उरलेले धान्य कोठे खपवायचे, याची विवंचनाही त्यात होती. १४० कोटींचा हा देश अमेरिकेचा मका का घेत नाही, असा सवाल अमेरिकेच्या व्यापारमंत्र्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये जाहीरपणे केला.

या आघातावर दिल्लीने पहिला उपाय कोणता शोधला? १९ ऑगस्ट रोजी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील कापूस घरात येण्याच्या ऐन हंगामात परदेशी गाठींना दार उघडले गेले. कापडउद्योग संकटात होता आणि त्यातील लक्षावधी कामगारांची रोजी धोक्यात होती, हे निर्विवाद आहे. त्या कामगारांना साहाय्य मिळालेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ते सरकारी तिजोरीतून द्यायचे की यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून? कामगार आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करणारे धोरण दोघांचेही नसते.

यावर काही मंडळी स्वदेशीच्या घोषणा देतात आणि काही अमेरिका की चीन, असा पक्ष निवडायला सांगतात. दोन्ही मार्ग भ्रामक आहेत. आयोवाचा कर्जबाजारी शेतकरी आपला शत्रू नाही. त्याला आणि आपल्याला एकाच पटावर मांडणारी व्यवस्था ही आपली समस्या आहे. म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. आयात माल बंदरात पडेल त्या किमतीची सांगड हमीभावाशी घातली जावी आणि ऐन हंगामात शुल्क घटवण्याचा अधिकार सरकारच्या लहरीवर राहू नये. जाहीर झालेल्या हमीभावामागे प्रत्यक्ष खरेदी, गोदामे आणि सहकारी तेलगिरण्या यांचे बळ उभे राहावे. १९७२ साली महाराष्ट्राने सुरू केलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत दोष पुष्कळ होते. परंतु शेतकऱ्याला बाजारात एकटे सोडायचे नाही, हे तिचे सूत्र आजही तितकेच खरे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यापारकरारांचे मसुदे संसदेपुढे आले पाहिजेत. आपल्या व्यवस्थेत असे करार संसदेच्या संमतीवाचून होऊ शकतात. ज्यांच्या शेताचा आणि रोजीचा सौदा होतो, त्यांना तो झाल्यावर वृत्तपत्रातून कळतो.

महासत्तांचे तह होतील, मोडतील आणि पुन्हा होतील. त्या प्रत्येक तहाचे कलम तालुक्याच्या बाजार समितीत भाव बनून उतरते. हे नाते गावोगाव समजावून सांगणे, हंगामापूर्वी मागण्या घेऊन उभे राहणे आणि कापूस पिकवणारा व कापड विणणारा यांना एका व्यासपीठावर आणणे, हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. तिसऱ्याचा लाभ आपोआप होत नसतो. तो संघटितपणे मिळवावा लागतो.