२९ अंकांचा ताळा



चातुर्मासात व्याख्यानात एखादी मोठी संख्या आली, की आपण हात जोडतो आणि "ते केवलीगम्य" म्हणून वही मिटतो. मला हे पटत नाही. असंख्यात आणि अनंतापुढे हात जोडावेतच. पण जे संख्यात आहे, ते निदान एकदा तरी मोजून पाहावं.

आपल्या बत्तीस आगमांतलं अनुयोगद्वार सूत्र घ्या. गर्भज मनुष्यांची कमीत कमी संख्या त्यात २९ अंकांची सांगितली आहे. सूत्र तेवढ्यावर थांबत नाही. दोनच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणलं की हीच संख्या येते, असंही सांगतं. शिवाय तिला ९६ वेळा निम्मं करता येतं. या निम्मं करण्याला छेदनक म्हणतात.

दोनचा पहिला वर्ग ४, मग १६, २५६, ६५,५३६ आणि पाचवा ४,२९,४९,६७,२९६. सहावा वीस अंकी होतो. गुणाकाराला हिशोबाच्या वहीची दोन पानं आणि एक दुपार लागते. उत्तर येतं:

७९२२८ १६२५१ ४२६४३ ३७५९३ ५४३९५ ०३३६

नगरच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हीच संख्या फिरत आली होती, "ज्ञान पुढे पाठवा" म्हणून. मोजली तर अंक २८च! सगळ्यांनी नमस्कार करून पुढे पाठवलेली.

आमच्या वेळी कॉमर्सला बेरजेचा ताळा पाहिल्याशिवाय पान उलटत नसत. इथेही तोच नवाचा ताळा चालतो. सगळ्या अंकांची बेरीज १२७, त्याची १०, त्याची १. आता दोनाला दोनाने गुणत सहा दोन झाले की ६४, त्याचाही ताळा १. ९६ म्हणजे असे सोळा षटक, म्हणून ताळा १ यायलाच हवा. (दोन अंकांची अदलाबदल मात्र यात सापडत नाही.)

पूर्वी आगम मुखपाठाने चालत. मला वाटतं, एकच संख्या तीन प्रकारे सांगितल्यामुळेच ती सुरक्षित राहिली. एक अंक निसटला तरी वर्गांवरून ती पुन्हा उभी करता येते.

"जगाची लोकसंख्या तर आठशे कोटींच्या आसपास," असं घरातली मुलं म्हणतात. सूत्रातली गणना अढाई द्वीपातल्या मनुष्यांची आहे, जनगणनेची नाही. तो श्रद्धेचा भाग, आणि मी तो गणिताने सिद्ध करायला जात नाही. कॉम्प्युटर आपल्याच आगमांतून निघाला, असले दावेही मला नकोत. पण गुणाकार करून पाहिल्याने ज्ञानाची आशातना होते, हेही मी मानत नाही.

पाठशाळेत पंचवीस बोल पाठ करणाऱ्या मुलींना ही संख्या फळ्यावर लिहून द्या आणि निम्मी करत जायला सांगा. दर सहा छेदनकांनंतर ताळा पुन्हा १ आला पाहिजे. आला नाही, तर चूक त्या सहा ओळींतच आहे.