मोबाईलवर जुन्या फोटोची दुरुस्ती

मागील अंकात मोबाईलने चांगला फोटो कसा काढावा, हे आपण पाहिले. या वेळी काढलेला फोटो सुधारायचा कसा, ते पाहू. नमुना म्हणून दादा-दादी किंवा नाना-नानींचा एखादा जुना फोटो घेऊ. बहुतेक घरांत असा एकच फोटो उरलेला असतो. निगेटिव्ह कुठे गेली ते कोणाला ठाऊक नसते, स्टुडिओही बंद पडलेला असतो आणि दर पावसाळ्यात फोटोवरचे डाग वाढत जातात. म्हणून हे काम ईदच्या सुट्टीत मुलामुलींना सोबत घेऊन उरकून टाकावे, असे आम्हाला वाटते.

आधी मूळ फोटो सांभाळा

फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, तेवढे पुरे. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, कारण चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच त्याचा फोटो घ्या. अल्बमच्या चिकट पानावरून न सुटणाऱ्या फोटोसाठीही हाच नियम.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवा. फ्लॅश बंद करा. मोबाईल फोटोला अगदी समांतर धरा आणि चारही बाजूंनी थोडी जागा सोडा. काचेवर तुमचेच प्रतिबिंब दिसत असेल तर कोणाला तरी मोबाईलच्या मागे काळी ओढणी किंवा चादर धरायला सांगा. चमक बरीच कमी होते. दोन-चार फोटो काढून त्यांतला सर्वांत स्पष्ट निवडा.

दुरुस्तीचा क्रम

मोबाईलच्या गॅलरीत ‘एडिट’ची सोय असतेच. गुगलचे स्नॅपसीड हे मोफत ॲपही नवशिक्यांना सोपे जाते. कोणतेही साधन वापरा, क्रम मात्र हाच ठेवा :

१. सरळ करणे व कापणे : ‘रोटेट’ने तिरपेपणा काढा आणि ‘क्रॉप’ने कडेची जादा जागा कापा. फोटोच्या मागे हाताने लिहिलेली तारीख किंवा नाव असेल तर त्या बाजूचाही वेगळा फोटो घ्या.

२. उजेड : ‘ब्राइटनेस’ थोडा वाढवा, मग ‘कॉन्ट्रास्ट’. जुने फोटो फिकट पडतात, त्यामुळे कॉन्ट्रास्टनेच निम्मे काम होते. पांढऱ्या कपड्यांवरच्या चुण्या दिसेनाशा झाल्या की समजा, जास्त झाले. एक पाऊल मागे या.

३. रंग : कृष्णधवल फोटो पिवळा पडला असेल तर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडा, पिवळेपणा जातो. १९७० - ८०च्या दशकांतले रंगीत फोटो बऱ्याचदा लालसर होतात. त्यांच्यासाठी ‘व्हाइट बॅलन्स’ वापरा आणि फोटोतली एखादी पांढरी वस्तू, टोपी किंवा भिंत, पांढरी दिसेपर्यंत सरकपट्टी हलवा.

४. डाग व ओरखडे : स्नॅपसीडमधल्या ‘हीलिंग’ या साधनाने बोट फिरवले की आजूबाजूचा भाग घेऊन डाग भरला जातो. फोटो मोठा करून एकेक डाग घ्या. सुरुवात भिंत, आकाश, जमीन यांपासून करा. डोळे आणि ओठ यांच्यावरचा ओरखडा शक्यतो तसाच राहू द्या.

५. धार : ‘शार्पनिंग’ सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडे.

यंत्राने बनवलेला चेहरा

आता एका बटणात अंधुक चेहरा लख्ख करून देणारी ॲप आली आहेत. त्यांतून निघालेला फोटो पाहून घरचे आधी खूश होतात, मग म्हणतात, “छान आहे, पण ही दादी वाटत नाही.” ते खरेच असते. मूळ फोटोत नसलेले बारकावे यंत्र अंदाजाने भरते. डोळ्यांचा आकार बदलतो, कपाळावरच्या आठ्या जातात, हनुवटीवरचा तीळही जातो. नातवंडांनी दादीला पाहिलेलेच नसेल तर त्यांच्यासाठी तोच चेहरा खरा ठरेल. म्हणून असा फोटो हवा तर करा, पण जपून ठेवायचा फोटो हाताने सुधारलेलाच असू द्या.

रिश्त्यासाठी पाठवायच्या फोटोबद्दलही आमचे हेच म्हणणे आहे. उजेड वाढवणे, मागचा पसारा कापणे ठीक. मुलीचा रंग उजळवणे ठीक नाही. समोरची मंडळी घरी येणारच असतात, आणि तोवर मुलीच्या मनात मात्र आपला खरा चेहरा कमी पडतो ही गोष्ट बसलेली असते. आणखी एक : घरातल्या मुलींचे फोटो अनोळखी संकेतस्थळांवर चढवून सुधारू नका. फोटो मोबाईलबाहेर न जाता काम होईल असेच साधन निवडा.

जतन करताना

दुरुस्त फोटो नेहमी ‘सेव्ह ॲज कॉपी’ करून वेगळा ठेवा. मूळ प्रतीवर पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यास जेपीईजी फोटोचा दर्जा दर वेळी थोडा घसरतो. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन पोहोचतो. ४ x ६ इंचाची चांगली प्रिंट हवी असेल तर फोटो साधारण १२०० x १८०० पिक्सेलचा असावा.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी याच्या उलट करावे लागते. मोबाईलचा फोटो काही एमबीचा असतो आणि फॉर्म ५० केबीच मागतो. तेव्हा आधी चेहऱ्यापुरता कापा, मग ‘रिसाइझ’ने पिक्सेल कमी करा. ३५ x ४५ मिलीमीटरच्या फोटोला ४१३ x ५३१ पिक्सेल पुरतात.

काम झाल्यावर फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि कोण कोण उभे आहेत ते विचारून, नावे, गाव व अंदाजे साल फाईलच्या नावातच लिहून ठेवा. ही माहिती कोणतेही ॲप देऊ शकत नाही आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

पुढील अंकात या फोटोंचा अल्बम मोबाईलवर कसा लावावा, ते पाहू.