गाडीघर : जिप्सीला कोणता कॅट बसवावा?

या महिन्यात खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न घेतो. त्यांच्या घरी 2004 सालची मारुती जिप्सी आहे. आठवडाभर ती अंगणात उभी असते आणि रविवारी मुलगा ती घेऊन मित्रांबरोबर चोर्ला, तिळारीच्या रानवाटांवर जातो. गेले काही दिवस गाडीखालून डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेस्त्री म्हणाला, “कॅट गेला. मधला तुकडा कापून सरळ पाइप जोडतो. खर्च वाचेल, पिकअपही वाढेल.” मुलगा खूश, वडील नाखूश. त्यांचा प्रश्न असा आहे : मूळ कॅट दगडांना घासतो, म्हणून त्याच्या जागी आकाराने लहान, वर चढवून बसवता येईल असा चांगला कॅट मिळतो का? आणि तो निवडायचा कसा?

मिळतो. पण आधी सरळ पाइपचा विषय संपवू.

जिप्सीत मागे समोरासमोर बाके असतात आणि नातवंडे तिथेच बसतात. कापडी टपाची गाडी चालू लागली की मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर परत आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे एवढीच त्याची खूण, आणि तिला आपण “घाट लागला” म्हणून सोडून देतो. चांगल्या अवस्थेतला, तापलेला कॅट यातला नव्वद टक्क्यांहून अधिक वायू निरुपद्रवी करतो. सरळ पाइप काहीच करत नाही. पिकअपचे म्हणाल, तर चोंदलेला कॅट काढल्यावर गाडी मोकळी वाटते हे खरे, पण नवा, योग्य मापाचा कॅट बसवला तरी ती तितकीच मोकळी वाटते.

कायदाही सरळ आहे. प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावीच लागते.

आता कॅटच्या पोटात काय असते ते पाहू. स्टीलच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप असतो. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. हे काम साधारण 250 ते 300 अंश सेल्सियस तापमान गाठल्यावर सुरू होते. तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची, तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ राहावे लागते. ते राखायला ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्शनची यंत्रणा लागते. म्हणून 2000 सालानंतरच्या 1298 सीसी, एमपीएफआय जिप्सीला तीन कामांचा कॅट शोभतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीला तोच कॅट बसवून पूर्ण फायदा मिळत नाही. डिझेल जीपचे गणित तर वेगळेच, पेट्रोलचा कॅट तिला बसवू नये.

आकाराने लहान कॅट घेताना मुख्य अडचण अशी की जाळी जितकी लहान, तितका धूर तिच्यातून लवकर निघून जातो आणि काम अर्धवट राहते. म्हणून डब्याची लांबी बघून भुलू नका, आतल्या जाळीचे घनफळ विचारा. जिप्सीच्या इंजिनासाठी ते साधारण एक लिटरच्या आसपास असावे. मोटारसायकलच्या किंवा 800 सीसी गाडीच्या मापाचा कॅट “बसतोय ना” म्हणून घेतला, तर तो घाटाच्या चढावर पुरा पडणार नाही आणि वाट अडवून इंजिनचा दमही काढेल.

मग जागा कशी वाचवायची? दोन मार्ग आहेत. पहिला, गोल डब्याऐवजी लंबगोल चपटा डबा. घनफळ तेवढेच, पण उंची कमी, त्यामुळे तो चॅसिसच्या दोन दांड्यांच्या मध्ये वर लपतो. दुसरा, चिनी मातीच्या जातीच्या जाळीऐवजी धातूच्या पातळ पत्र्याची जाळी. तिच्या भिंती बारीक असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो आणि धुराला वाटही मोकळी राहते. ती लवकर तापते आणि दणके सोसते. किंमत अर्थातच जास्त.

रानवाटेच्या गाडीला हा दणके सोसण्याचा गुण फार मोलाचा आहे. मातीची जाळी उष्णता उत्तम सोसते, पण ती ठिसूळ असते. डबा दगडावर आपटला, की जाळीला तडा जातो आणि तिचे तुकडे आत खुळखुळू लागतात. खानापूरचा आवाज बहुधा हाच. तापलेला कॅट एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेला तरी असाच ताण बसतो. 2014 साली गोव्यात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पावसाळ्यात गाड्या किती खोल पाण्यात घालतात हे ठाऊक आहे. आपण स्पर्धेला जात नसलो, तरी पाण्यात उतरण्याआधी दोन-चार मिनिटे थांबून गाडी जरा निवू द्यावी. माझा कल असा : गाडी महिन्यातून दोन-तीनदा तरी दगडधोंड्यांत जात असेल तर धातूची जाळी घ्या. एरवी डांबरी रस्ता आणि शेताची वाट एवढेच असेल, तर चांगल्या प्रतीची मातीची जाळी पुरेशी आहे.

दुकानात चार गोष्टी विचारा : जाळीचे घनफळ किती, दर चौरस इंचात घरे किती (मातीच्या जाळीत 400 हा नेहमीचा आकडा), कोणत्या इंजिनासाठी आणि कोणत्या भारत स्टेजसाठी बनवला आहे, आणि लेखी वॉरंटी किती. उत्तर “इम्पोर्टेड माल आहे, डोळे झाकून घ्या” एवढेच असेल, तर डोळे उघडे ठेवून दुसरे दुकान गाठा. डब्याच्या तोंडातून उजेडात पाहा. सगळी घरे एकसारखी आणि अखंड दिसली पाहिजेत. आत नुसता पाइप किंवा तारेची गुंडाळी घातलेले डबेही बाजारात फिरतात.

जुना कॅट मेस्त्रीकडे फुकट सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंना भंगारातही किंमत असते. तो वजा करून बिल द्यायला सांगा.

बसवताना पुढील काळजी घ्यावी :

– कॅट इंजिनपासून फार लांब नेऊ नये, नाहीतर तो तापायला वेळ लागतो. मात्र लवचीक जोडाच्या पुढे बसवावा, म्हणजे इंजिनच्या हादऱ्याने वेल्डिंग तडकत नाही.
– डब्याचा तळ चॅसिसच्या दांडीच्या खाली येऊ नये.
– पाइपचा व्यास मूळचाच ठेवावा.
– ऑक्सिजन सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला हवा, म्हणजे साचलेले पाणी त्याच्या टोकाला लागत नाही.
– पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग यांच्यापासून अंतर ठेवून मध्ये उष्णतारोधक पत्रा लावावा.
– जोडांना साधे सिलिकॉन लावू नये. त्याची वाफ सेन्सर आणि कॅट दोन्ही बिघडवते.

संरक्षक प्लेट लावणार असाल तर तिला भोके ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर आत अडकलेला पालापाचोळा काढा. चालत्या गाडीत कॅट कित्येक शे अंश तापलेला असतो. मार्च ते मे या काळात आपल्या सड्यांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते. अशा गवतावर गाडी उभी करून डबा उघडायला बसलात, तर गाडीबरोबर रानही पेटू शकते. उघड्या मातीवर किंवा कातळावरच गाडी उभी करावी, हा नियम मुलाने पाठच करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. दणका न बसता कॅट गेला असेल, तर तो सहसा स्वतःहून जात नाही, त्याला कोणीतरी मारलेले असते. एखादा स्पार्क प्लग चुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर त्यातला फॉस्फरस लेपावर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तरी तेच. पूर्वी पेट्रोलमधले शिसे हा मोठा शत्रू होता. म्हणूनच 1995 साली चार महानगरांत कॅट सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले आणि 2000 साली ते देशभर झाले. तेव्हा नवा कॅट घेण्याआधी प्लग, वायरी, ऑइलची पातळी आणि सेन्सर तपासून घ्या. नाहीतर महागडी जाळी वर्षभरात पुन्हा त्याच वाटेने जाईल.

खरेच कॅट गेला आहे का, हेही पाहता येते. गाडी गार असताना रबरी हातोडीने डब्यावर हलके ठोका. खुळखुळ आली तर जाळी फुटली. चोंदल्याचा संशय असेल, तर पुढच्या सेन्सरच्या भोकात दाबमापक लावून इंजिन 2500 फेऱ्यांवर न्यावे. दाब 3 पीएसआयच्या वर गेला तर वाट अडली आहे. नवा कॅट बसवल्यावर अर्धा तास गाडी चालवून, ती तापलेली असतानाच पीयूसी करून घ्यावी आणि नुसता कागद न घेता कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाचावा. भारत स्टेज 2 आणि 3 च्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा 0.5 टक्के आहे. तब्येतीत असलेला कॅट त्याच्या बराच खाली राहतो.

तर खानापूरच्या काकांना उत्तर : लंबगोल डबा, धातूची जाळी, घनफळ एक लिटरच्या आसपास, आणि त्याआधी प्लगची तपासणी. खर्च चिरंजीवांनी अर्धा उचलावा, रविवारी गाडी तेच नेतात. आणि ज्या दिवशी बिल चुकते होईल, त्या दिवशी मागच्या बाकावर नातवंडांना बसवून एक फेरी मारून आणा.

पुढच्या महिन्यात पावसाळ्याआधी ब्रेक कसे तपासावेत, ते पाहू. प्रश्न पाठवत राहा.