पुरवठा वेगळा, चार्जर वेगळा

पूर्वी घरात बॅटरी म्हटली की विजेरीतले दोन सेल एवढाच अर्थ होता. आता पाठीवरच्या फवारणी पंपात बॅटरी आहे, रात्री बांधावर न्यायच्या दिव्यात आहे, आणि मुले हौसेने बनवतात त्या छोट्या विमानांत व मोटारींतही आहे. पेण तालुक्यात डोलवी-वडखळच्या बाजूला तर एका भिंतीशी खत, दुसरीशी पंप आणि खिडकीत मुलाचे विमान, असे घर सहज दिसावे. प्रत्येक वस्तूचा चार्जर निराळा आणि त्यातला एखादा नेमका हंगामात बिघडतो. मग घरातला हुशार मुलगा भंगारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या संगणकाची वीज पुरवणारी पेटी आणतो आणि म्हणतो, "ही 450 वॅटची आहे. हिच्यावर सगळ्या बॅटऱ्या चार्ज करू."

मुलाची कल्पना चांगली आहे. तिला नाही म्हणू नये. मात्र पेटीला तार जोडण्याआधी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी समजून घ्यावी. ती पेटी म्हणजे पुरवठा आहे, चार्जर नव्हे. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे बॅटऱ्या मरतात, आणि कधी घराला आगही लागते.

फरक समजायला लांब जायला नको. आपल्या खारबंदिस्तीची उघाडी डोळ्यांपुढे आणावी. ओहोटीला खाडी उतरली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर जाते. भरतीला खाडीचे पाणी चढले की झडप मिटते. म्हणजे पाणी उंचावरून सखलाकडेच वाहते, आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबते. विजेचेही तसेच आहे. व्होल्ट ही पातळी, अँपिअर हा प्रवाह.

आता फवारणी पंपाची बॅटरी घ्या. बऱ्याच पंपांत 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी असते. नाव 12 व्होल्टचे असले तरी पूर्ण भरल्यावर ती स्वस्थ असताना 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि तिला भरायला सुमारे 14.4 व्होल्टची पातळी लागते. संगणकाची पेटी देते 12 व्होल्ट. मग पातळी सारखी होताच प्रवाह आटतो आणि बॅटरी अर्धवट भरलेली राहते. अशी अर्धपोटी बॅटरी महिनोन्महिने पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि पुढच्या हंगामात पंप दोन वाफ्यांतच थकतो. दोष पंपाला दिला जातो. खरा दोष पातळीचा असतो.

मुलांच्या विमानातली लिथियमची बॅटरी याच्या उलट त्रास देते. तिचा एक सेल 4.2 व्होल्टला भरतो. तीन सेलांची बॅटरी 12.6 व्होल्टला भरते आणि रिकामी असताना साडेनऊ-दहा व्होल्टवर असते. ती सरळ पेटीला जोडली तर बांधाला खांड पडावी तसा प्रवाह आत घुसतो. त्याला आवरणारे मध्ये कोणी नसते. शिवाय तीनपैकी एक सेल आधी भरला तर तो इतरांसाठी थांबत नाही, मर्यादेपलीकडे जातो. तो फुगतो, तापतो आणि पेट घेतो. ही आग भराभर पसरते आणि तिचा धूर विषारी असतो.

म्हणून चार्जर लागतो. चार्जर म्हणजे उघाडीवर बसलेला राखणदार. तो पातळी हवी तेवढी चढवतो, प्रवाह ठरावीक ठेवतो, भरले की बंद करतो. आणि लिथियमसाठीचा बॅलन्स चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळे पाहतो. हौशी मंडळी वापरतात ते पुष्कळसे बॅलन्स चार्जर 11 ते 18 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. त्यांना 12 व्होल्ट द्यायला जुनी पेटी अगदी योग्य. पेटी, मग चार्जर, मग बॅटरी, हा क्रम मोडू नये.

पेटी वापरायची तर कशी? प्रथम लेबल वाचावे. वर मोठ्या अक्षरांत 450 वॅट असले तरी ती सगळ्या तारांची मिळून बेरीज असते. आपल्याला 12 व्होल्टची ओळ पाहायची आहे. तेथे 16 अँपिअर लिहिले असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट एवढीच तिची शक्ती. त्यातलीही पाऊण वापरावी, पाव राखून ठेवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते येथे तंतोतंत लागू आहे.

हिशेब असा करावा. तीन सेलांची 5 अँपिअर-तासांची बॅटरी 5 अँपिअरने चार्ज केली तर शेवटी 12.6 गुणिले 5, म्हणजे 63 वॅट लागतात. चार्जरची स्वतःची घट धरून 75 धरा. म्हणजे पेटीवर सव्वासहा अँपिअर भार. ठीक आहे. पण सहा सेलांची 10 अँपिअर-तासांची बॅटरी 10 अँपिअरने चार्ज करायची तर 252 वॅट लागतात, घट धरून 300 च्या घरात. तो भार 25 अँपिअर होतो. 16 अँपिअरची पेटी तेथे माना टाकणार. अशा वेळी चार्जरवर प्रवाह निम्मा करावा. वेळ दुप्पट लागेल, पण पेटी तगेल.

जोडणी पेटीचा प्लग भिंतीतून काढूनच करावी. पिवळ्या तारा 12 व्होल्टच्या, काळ्या परतीच्या, तांबड्या 5 व्होल्टच्या. मोठ्या प्लगमधली एकुलती हिरवी तार काळीला जोडली की पेटी सुरू होते. तेथे छोटे बटण बसवावे. एका पिवळ्या तारेवर 5 अँपिअरहून जास्त भार टाकू नये; तीन-चार पिवळ्या एकत्र कराव्यात आणि तितक्याच काळ्या. लेबलावर 12 व्होल्टच्या दोन निराळ्या ओळी दिल्या असतील तर त्या एकमेकींत गुंफू नयेत. पिवळ्या तारांच्या पुढे मोटारीचा 15 अँपिअरचा फ्यूज घालावा. जुन्या पेट्यांत तांबड्या तारेवर काहीच भार नसला तर 12 व्होल्ट डळमळतात. त्यासाठी तांबडी व काळी यांच्यामध्ये 10 ओहमचा, 10 वॅटचा चिनी मातीचा रेझिस्टर जोडावा. तो गरम होतो, म्हणून पेटीच्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा.

आता दोन गोष्टी, ज्या कधीही करू नयेत.

पहिली, पेटी उघडू नये. आपली 230 व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचे सुमारे 325 व्होल्ट होतात आणि ते कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. त्यांचा झटका जीव घेऊ शकतो.

दुसरी, 24 व्होल्ट मिळावेत म्हणून दोन पेट्या एकापुढे एक जोडू नयेत. पेटीची काळी तार तिच्या पत्र्याला आणि पत्रा अर्थिंगला जोडलेला असतो. त्यामुळे दोन पेट्या जोडताच अर्थिंगमधून शॉर्ट होतो. मग कोणी सुचवतो, एका पेटीचे अर्थिंग तोडून टाक. हा सल्ला ऐकू नये. अर्थिंग तुटलेल्या पेटीत आतली एक तार पत्र्याला टेकली की पत्रा जिवंत होतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने लादी ओली, पाय ओले. डोलवीच्या पोलाद कारखान्यात प्रचंड वीज वापरली जाते, पण अर्थिंगवाचून तेथे यंत्र चालवू देत नाहीत. घरातल्या जिवाचे मोल तेवढेच आहे. 24 व्होल्ट हवेच असतील तर तयार 24 व्होल्टची पेटी विकत घ्यावी. घरच्या फळ्यावर 30 मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवून घ्यावा.

शेतावरच्या मोठ्या ड्रोनच्या बॅटऱ्या मात्र या पेटीला दाखवूही नयेत. 2023 साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनबरोबर त्याचाच जलद चार्जर देण्याची तरतूद आहे. त्या बॅटऱ्या त्याच चार्जरवर चार्ज कराव्यात.

चार्जिंगवर लक्ष ठेवायचे काम बहुधा घरातल्या बाईकडेच येते, म्हणून पुढचे तिने जरूर वाचावे. लिथियमची बॅटरी लादीवर ठेवून चार्ज करावी. गादीवर, पेंढ्याजवळ किंवा माळ्यावर नव्हे. घरातली सगळी निजल्यावर ती लावून ठेवू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीच चार्ज करू नये. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघू शकतो, म्हणून खिडकी उघडी असावी आणि चूल, उदबत्ती दूर असावी. पंपाची बॅटरी तिच्या स्वतःच्या चार्जरवर, 0.8 अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास सावकाश भरली तर जास्त वर्षे टिकते. हंगाम संपल्यावर ती भरून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमची मात्र निम्मी भरून ठेवावी. खाऱ्या हवेने टोकांवर बुरशीसारखा थर येतो. तो पुसून वर व्हॅसलीन लावावे.

आणखी एक उपयोग सांगायचा राहिला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब पडले आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. त्या वेळी भिंतीतली वीज नव्हती, म्हणून पेटीचाही उपयोग नव्हता. पण 12 व्होल्टवर चालणारा चार्जर मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या भरलेल्या बॅटरीवरही चालतो. फ्यूज मध्ये घालून तो तेथे जोडला की दिव्याची बॅटरी भरता येते. पुरवठा आणि चार्जर वेगळे ठेवण्याचा हा मोठा फायदा आहे. पुरवठा गेला तर दुसरा जोडता येतो.

मृगाच्या आधी कौले चाळतो, बांध पाहतो, तसा एक दिवस घरातल्या बॅटऱ्यांसाठीही ठेवावा. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तिची जात, तिचे व्होल्ट आणि तिचा चार्जर एवढे तिन्ही लिहावे. मुलाला हे काम सांगावे. ज्याला पेटी जोडायची हौस आहे, त्याला ही यादी करायलाही आवडेल.